पूर्वेकडच्या तीन नगरांत
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलावयास बाहेरून कोणी विद्वान बाई आणावी, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ठरलेल्या बाईंना ऐनवेळी अडचण आली, आणि चिटणीसबाई दिवेलागणीला माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तुम्ही दोघे मागे सिंगापूर, बँकॉक हिंडून आलात, त्याचेच चार शब्द सांगा.” मी म्हटले, बाई, मला पापडाच्या पिठाचे प्रमाण विचारा, भाषण विचारू नका. पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. तेव्हा जे झाले ते झाले तसे सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्याकडच्या बायकांनी परदेश पाहून यावे यात तसे नवे काही नाही. नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांचे ‘आमचा जगाचा प्रवास’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. पुढे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई पूर्वेकडचे देश पाहून आली, त्यातून ‘पूर्वरंग’ झाले. ते आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचलेले असेल. ती मोठी माणसे. आम्ही गेलो ते एसटीवाले म्हणून गेलो, आणि प्रवासही एसटीवाल्यांसारखाच केला. जेथे गेलो तेथे गावातली बस, गावातली रेल्वे आणि गावातली होडी. टॅक्सी म्हणून केली नाही.

आमचे हे आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक, आणि २०१९ साली निवृत्त. १९४८ च्या जूनमध्ये पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, ही गोष्ट आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने निदान दोनदा ऐकलेली आहे. अशा माणसाच्या घरात चाळीस वर्षे काढून मी एकदाही तिकीट काढले नव्हते, हे तुम्हांस खरे वाटणार नाही. माहेर माझे आर्वीचे. लहानपणी पुलगावहून आर्वीला छोटी गाडी होती, १९१७ साली सुरू झालेली. ती बंद पडूनही आता पुष्कळ वर्षे झाली. त्या गाडीत आजीबरोबर जाताना तिकिटे आजोबांच्या कोटाच्या खिशात असत. लग्नानंतर ती ह्यांच्या खिशात गेली. माझ्याकडे खिडकी असे, आणि डबा असे. यात काही कमी आहे असे मला कधी वाटले नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात ह्यांच्या छातीत दुखू लागले आणि नागपूरला नेऊन अँजिओप्लास्टी करावी लागली. त्या आठ दिवसांत माझी काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक. घरून कपडे आणावयाचे तरी कोणाला सोबत मागा. पैसे काढावयाचे तर भाच्याला पाठवा. मुलगा पुण्याहून पोहोचेपर्यंत मी दवाखान्याच्या बाकावरून हलले नाही, कारण हलून जावयाचे कुठे आणि कसे हेच मला माहीत नव्हते. हे खाटेवरून सारे पाहत होते. घरी आल्यावर महिनाभराने एकदा जेवताना म्हणाले, “मी नसलो तर तू बजाज चौकातून नागपूरलाही जाऊ शकणार नाहीस.” मला राग आला. मी ताट तसेच ठेवून उठले. पण म्हणणे खरे होते म्हणूनच राग आला, हे आज इथे कबूल करते.

त्यातून हा प्रवास निघाला. मुलाचे म्हणणे, कंपनीच्या सहलीतून जा, सगळे करून देतात. ह्यांनी उत्तर दिले, “तीस वर्षे मी माणसे मोजून गाडीत बसवली. आता कोणी मला मोजून बसवणार असेल तर मी येत नाही.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “काय वं बाई, बुवाच्या छातीत स्प्रिंग, अन् तुम्ही कुठी परदेशात हिंडून राहिले?” त्यांचेही चुकत नव्हते. डॉक्टरांनी मात्र चालण्याफिरण्यास हरकत नाही असे लिहून दिले, आणि २०२४ च्या भाऊबिजेनंतर आम्ही सेवाग्राम स्टेशनवर दिल्लीकडून चेन्नईला जाणारी गाडी धरली. पिशवीत दिवाळीचा चिवडा, शेवेचे लाडू, दोन डबे गोरसपाक, ह्यांच्या गोळ्या, आणि एका चिमुकल्या डबीत तुपात भिजवलेली त्रिपुर वात. कार्तिकी पौर्णिमा परदेशात येणार होती, आणि नेम मोडावयाचा नव्हता.

बल्लारशाह, विजयवाडा करीत चेन्नई आली. चेन्नई सेंट्रलवरून विमानतळापर्यंत थेट मेट्रो जाते. तेथेच ह्यांनी पैसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, “इथून पुढे सगळी तिकिटे तू.” मला वाटले थट्टा आहे. थट्टा नव्हती.

सिंगापूरला एका बाबतीत माझी सुटका झाली. तेथे तिकिटाऐवजी कार्ड असते, आणि एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. ज्याचे त्याने टेकवावयाचे. गाडीत शिरताना टेकवावयाचे आणि उतरताना पुन्हा टेकवावयाचे. जेवढे अंतर तेवढे पैसे कापले जातात. बसमधून उतरताना टेकवावयास विसरलात, तर शेवटच्या थांब्यापर्यंतचे पैसे जातात. हे ऐकून ह्यांना इतका आनंद झाला की काय सांगू. बिनतिकीट प्रवासी पकडण्यात ज्या माणसाचे आयुष्य गेले, त्याला तो आनंद कळावा. तेथल्या मेट्रोची पहिली गाडी १९८७ साली सुटली. गाव एवढेसे, जमीन मोजकी. म्हणून १९९० पासून तेथे असा नियम आहे की मोटार घेण्याआधी ती दहा वर्षे बाळगण्याचा परवानाच लिलावात विकत घ्यावा लागतो. तो पुष्कळदा मोटारीइतका महाग पडतो. त्यामुळे चांगल्या पगाराचा साहेब आणि भांडी घासणारी बाई एकाच बसमध्ये उभी दिसतात. मला नवल वाटले ते बसपेक्षा बसपर्यंतच्या वाटेचे. घराच्या दारापासून थांब्यापर्यंत डोक्यावर छप्पर असलेली पायवाट. नोव्हेंबरात तेथे दुपारी धो धो पाऊस पडतो, पण माझ्या पायांखेरीज काही भिजले नाही. आणि बसला पायरी नाही. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजीबाई थांब्यावर होत्या. ड्रायव्हर स्वतः खाली उतरला, दारातली फळी उघडून पसरली, आजींना आत घेतले, फळी मिटली आणि मगच गाडी हलविली. सगळी बस शांत बसून होती, कोणी घड्याळ पाहिले नाही. आपल्याकडे एसटीची पायरी चढताना ज्यांनी गुडघ्यावर हात दिला आहे, त्यांना हे मुद्दाम सांगते.

गोरसपाकाचेही सांगून टाकते. मेट्रोत बसल्यावर ह्यांनी सवयीने डबा उघडला. समोरच्या एका शाळकरी मुलीने काही न बोलता वरच्या पाटीकडे बोट दाखविले. गाडीत खाल्ल्यास दंड ५०० डॉलर, म्हणजे आपले तीस हजार रुपयांच्या वर. डबा असा मिटला की पुन्हा खोलीवर जाईपर्यंत उघडला नाही.

आता मुख्य गोष्ट. आमची खोली लिट्ल इंडियाच्या पलीकडे, फॅरर पार्क स्टेशनाजवळ होती. तेथून दोन स्थानके गेले की धोबी घाट लागते. नाव खरोखरीच धोबी घाट आहे. पूर्वी आपल्याकडून गेलेले धोबी तेथल्या ओढ्यावर कपडे धूत असत, त्यावरून पडले. तेथे तीन मार्ग एकमेकांस मिळतात आणि गर्दी मोठी. आम्हांला तेथे उतरून दुसरी गाडी धरावयाची होती. हे पुढे उतरले. माझ्यापुढे एक बाई लहान मुलाची गाडी घेऊन होत्या, मी त्यांना वाट दिली, आणि दार मिटले. काचेच्या पलीकडे हे, अलीकडे मी. गाडी सुटली.

आपल्याकडे असते तर “थांबवा हो” म्हणून ओरडता आले असते, कोणीतरी घंटीची दोरी ओढली असती. पण त्या मार्गावर २००३ सालापासून गाड्या ड्रायव्हरशिवायच चालतात. ओरडू कोणाला? मोबाईलमध्ये तेथले सिम होते ते ह्यांच्याच. माझ्या हातात कार्ड, आणि कमरेच्या पिशवीत खोलीचा पत्ता लिहिलेला कागद. घशाला कोरड पडली. मग डोळ्यासमोर नागपूरचे ते दवाखान्याचे बाक आले, आणि माझे मलाच वाटले, आता पुन्हा तेच करावयाचे काय?

पुढच्या स्थानकावर उतरले. समोरच्या बाजूची गाडी उलट जाते एवढे डोक्यात होते. दारावरच्या पट्टीत धोबी घाट हे नाव शोधले, मगच पाय ठेवला. परत आले तो हे तेथे नाहीत! मी सापडावी म्हणून हे मागच्या गाडीने माझ्या पाठोपाठ गेले होते. आम्ही दोघे एकमेकांना शोधीत बोगद्यात उलटसुलट फिरत होतो. मी मग हलले नाही. खिडकीपाशी गणवेशातली एक तरुण मुलगी होती, तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटले, “हजबंड लॉस्ट.” ती हसली नाही, हे तिचे उपकार. ह्यांचा नंबर मला पाठ होता. तिने फोन लावला, आणि वीस मिनिटांत हे सरकत्या जिन्यावरून वर येताना दिसले. चेहरा असा की तेच हरवले होते. तसे पाहिले तर तेच हरवले होते.

त्या दिवशी आम्ही घरचा कायदा केला, तो तुम्हांलाही उपयोगी पडेल. मागे राहील त्याने जागा सोडावयाची नाही; पुढे जाईल त्याने परत यावयाचे. जत्रेतसुद्धा चालतो हा कायदा.

दुपारी एस्प्लेनेड बागेत गेलो. आझाद हिंद सेनेचे स्मारक नेताजींनी १९४५ मध्ये तेथे उभारविले, आणि इंग्रज परत आल्यावर त्यांनी ते त्याच वर्षी उडवून दिले. त्या जागी १९९५ साली खुणेचा दगड बसविला आहे. शाळेत आपण झाशीची राणी पलटणीचे नाव ऐकलेले असते. ती पलटण १९४३ साली सिंगापुरात उभी राहिली, कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन तिच्या प्रमुख, आणि रबराच्या मळ्यांत मजुरी करणाऱ्या घरांतल्या पुष्कळ मुली तीत दाखल झाल्या. हिंदुस्थान ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, अशाही त्यांत होत्या. मी त्या दगडापाशी बराच वेळ बसले. सकाळी एक स्थानक एकटीने जाऊन आले म्हणून मनात जो काही अभिमान साठला होता, तो तेथे जरा उतरला.

सिंगापुराहून मलेशियात जावयास समुद्रावर बांधलेला रस्ता आहे, १९२४ सालचा, सुमारे एक किलोमीटरचा. बसने जावयाचे. या टोकाला सर्वांनी उतरून तपासणी करून घ्यावयाची, पुन्हा बसमध्ये बसावयाचे, पूल ओलांडला की त्या टोकाला सामानासकट उतरावयाचे. बस थोडा वेळ थांबते, फार नाही. मलेशियात परक्या माणसाच्या दोन्ही तर्जन्यांचे ठसे घेतात. माझे घेतले, शिक्का पडला, मी पलीकडे गेले. ह्यांचे ठसे काही केल्या उमटेनात. तीस वर्षे तिकिटे फाडून आणि सुटे मोजून बोटे झिजली आहेत, ते त्या यंत्राला काय ठाऊक! ह्यांना बाजूच्या खोलीत नेले.

बाहेर बसवाला घाई करू लागला. मी बोटांनी दाखविले, एक माणूस आत आहे. त्याने घड्याळ दाखविले, आणि थोड्या वेळाने बस निघून गेली. मला त्याचा राग नाही आला. एसटीवाल्याची बायको आहे मी, एका प्रवाशासाठी चाळीसजणांना थांबवता येत नाही हे मी घरी शंभरदा ऐकलेले आहे. पण ह्यांच्या दुपारच्या गोळीची वेळ झाली होती आणि गोळ्या माझ्याजवळ होत्या. मी तेथल्या शिपायाकडे गेले, औषधाची पट्टी दाखविली, छातीवर हात ठेवला. त्याने पट्टी घेतली नाही. मलाच आत जाऊ दिले. हे बाकावर घामाघूम बसले होते, आणि माझ्याकडे असे पाहिले की लग्नाला इतकी वर्षे झाली पण तसे पाहिलेले मला आठवत नाही. गोळी दिली, पाणी दिले, शेवेचा लाडू दिला. अर्ध्या तासाने ठसे उमटले.

पुढचे सारे मी केले. गावातल्या बसने लार्किन नावाच्या मोठ्या बसस्थानकावर गेलो. तेथे तिकिटे विकणाऱ्यांची नुसती आरोळ्यांची चढाओढ, अगदी आपल्या यात्रेच्या दिवसांसारखी. हे बाकावर बसून होते. मी चार खिडक्यांवर भाव विचारला आणि पाचव्या खिडकीवर क्वालालंपूरची दोन तिकिटे काढली. सुटे पैसे मोजून घेतले. परत आले तेव्हा ह्यांनी तिकिटांवरची तारीख, वेळ आणि आसन क्रमांक तपासला, आणि “बरोबर आहे” एवढेच म्हणाले. वाहतूक नियंत्रकाच्या तोंडून याहून अधिक कधी कोणी ऐकलेले नाही.

क्वालालंपूरविषयी थोडक्यात सांगते, कारण तेथे आम्ही दोनच दिवस होतो आणि त्यातला एक ह्यांच्या विश्रांतीत गेला. उंच जुळे मनोरे खालून पाहिले, मान दुखली. लक्षात राहिली ती बाटू लेण्यांची रेल्वे. मुरुगनचे, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचे, देऊळ डोंगरातल्या प्रचंड गुहेत आहे, पायथ्याशी साडेबेचाळीस मीटरहून उंच सोनेरी मूर्ती आहे, आणि २०१० पासून लोकल गाडी थेट पायथ्याशी येते. त्या गाडीला बायकांचे वेगळे गुलाबी डबे आहेत. हे माझ्यामागे सरळ त्याच डब्यात चढले. साऱ्या बायकांनी नुसते पाहिले. एक शब्द नाही. पुढच्या स्थानकावर हे उतरून दुसऱ्या डब्यात गेले, आणि शेवटपर्यंतचा प्रवास मी माझ्या डब्यात, ते त्यांच्या डब्यात. गुहेच्या २७२ पायऱ्या आहेत. ह्यांना चढू दिले नाही. मी एकटी चढले, देवाला दोघांचा नमस्कार सांगितला, माकडांपासून पिशवी वाचविली आणि खाली आले.

तेथून बँकॉकला विमानाने दोन तासांत जाता येते. आम्ही रेल्वेने गेलो आणि बरे केले. पाडांग बेसार हे सरहद्दीवरचे स्टेशन; एकाच फलाटावर दोन देशांचे शिक्के होतात आणि घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. संध्याकाळी परिचारक येऊन आसने ओढून त्यांचे पलंग करतो, धुतलेली चादर घालतो, पडदा लावतो. आपल्या सेवाग्रामच्या बापूंनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांवर लिहिले होते. ते दिवस आपल्याकडेही सरले, पण परिचारक माझी चादर घालतो आहे आणि मी उभी राहून पाहते आहे, हे काही मला सोसेना. मी दुसरे टोक धरले. तो बिचारा गोंधळून गेला.

शाकाहाराची चिंता सर्वांना असते म्हणून सांगते. सिंगापूर व मलेशियात तमिळ लोकांची खानावळ कोठेही सापडते. थायलंडात ‘जे’ हा एकच शब्द शिकून ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, त्या गाडीवर मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय झाली म्हणावयाची.

बँकॉक मला आपल्या मनाजोगे वाटले. सिंगापूर म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेली बैठक; बँकॉक म्हणजे स्वयंपाकघर, तेथे सगळे सांडलेले असते. फुटपाथ उखडलेले, उकाडा भारी, माझी चप्पल तेथे तुटली. पण गाड्यांचे प्रकार पाहा! १९९९ पासून डोक्यावरून धावणारी रेल्वे आहे, २००४ पासून जमिनीखालची आहे, नदीत आगबोटी आहेत, कालव्यात लांबट मोटार होड्या आहेत. कालव्याच्या होडीत पाणी उडू लागले की कडेला बसलेल्यांनी दोरी ओढून ताडपत्री वर घ्यावयाची असते. हे न कळल्याने मी पहिल्या दिवशी आंघोळ केली. नदीची नारिंगी निशाणाची बोट १६ बाथमध्ये, म्हणजे चाळीसएक रुपयांत, वाटेल तेथे नेत होती. तिने वाट फोच्या निजलेल्या बुद्धापाशी गेलो. ती मूर्ती ४६ मीटर लांब आहे. आपल्या गोपुरीच्या स्तूपापाशी संध्याकाळी बसल्यावर जे वाटते, ते मला तेथल्या गर्दीत वाटले नाही. मूर्ती मोठी असून नाही. बोटीत आणि बसमध्ये भिक्षूंसाठी जागा राखलेल्या असतात आणि बायकांनी त्यांना स्पर्श करावयाचा नसतो, तेवढे मात्र जपावे लागते.

पण ह्यांचे बँकॉक म्हणजे तेथली आठ बाथची लाल बस. पंख्याची, खिडक्या उघड्या, फळ्यांची जमीन. वाहक बहुधा बायकाच. त्यांच्या हातात पत्र्याची लांब नळी असते. तिच्यात एकीकडे तिकिटांची गुंडाळी, एकीकडे सुटे पैसे, आणि गर्दीत ती उघडझाप करून खट्-खट् वाजवीत त्या फिरतात. तो आवाज कानी पडला मात्र, हे ताठ होऊन बसले. आपल्याकडे यंत्र येण्याआधी वाहक चिमटा वाजवीत फिरत, तो आवाज बऱ्याच वर्षांनी ह्यांनी ऐकला. बाई जवळ आली तेव्हा ह्यांनी मोबाईलवर स्वतःचा खाकी कपड्यांतला जुना फोटो काढून दाखविला, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटांची पेटी असलेला. एका शब्दाची भाषा सारखी नाही. पण तिने फोटो पाहिला, ह्यांच्याकडे पाहिले, आणि ती नळी ह्यांच्या कानाशी नेऊन तीनदा खट्-खट्-खट् केली. मग १६ बाथ घेऊन दोन तिकिटे दिली. फुकट नेले नाही, हे ह्यांना फार आवडले. ती तिकिटे आजही ह्यांच्या पाकिटात आहेत. ती मात्र मी मागितली नाहीत.

१५ नोव्हेंबरला पौर्णिमा होती. आपली त्रिपुरी, आणि त्यांचा लोय क्राथोंग, म्हणजे दिवे पाण्यात सोडण्याचा सण. केळीच्या खुंटाची चकती, भोवती केळीच्या पानांच्या घड्या, वर फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती. रस्तोरस्ती बायका बसून ते करीत होत्या. बोटे अशी चालत होती की आपल्या मंगळागौरीच्या पत्रीची आठवण यावी. मी एक विकत घेतला, मेणबत्ती काढून तिच्या जागी डबीतली त्रिपुर वात ठेवली. विकणारी म्हातारी पाहत होती. तिने आपली काडीपेटी पुढे केली. गर्दी चुकवून एका लहान धक्क्यावर गेलो आणि दिवा सोडला. दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसे ते सारे नदीतून गोळा करतात म्हणे, तेही मला बरे वाटले. तेथे उभी असताना ह्यांनी विचारले, “आता इथून खोलीवर कसे जायचे, सांग.” मी सांगितले. एक वळण चुकले होते, ते मलाच मग आठवले.

परत येताना कलकत्त्याला उतरलो. आपल्या देशातली पहिली मेट्रो १९८४ साली तेथेच सुरू झाली, आणि २०२४ च्या मार्चपासून ती हुगळीच्या पात्राखालून हावड्याला जाते. नदीखालून गेलो तो काळ एका मिनिटाचाही नव्हता. बाजूच्या बाबूंनी सांगितले नसते तर कळलेही नसते. हावड्याहून गाडी थेट वर्धा. ह्या दोन आठवड्यांत आम्ही सात वेळा भांडलो, हेही लिहून घ्या. त्यातली पाच भांडणे चुकीच्या दिशेच्या बसवरून झाली आणि तीन वेळा दिशा माझी बरोबर होती.

सहलीच्या कंपनीतून गेलेल्यांनी जे पाहिले त्यातले निम्मे आम्ही पाहिले नाही. फोटो थोडे आहेत. खर्च किती झाला असे पुष्कळजणी विचारतात: सहलीत एका माणसाला जेवढे सांगितले होते, त्यात आम्हां दोघांचे थोडे अधिक घालून झाले. तेव्हा तो हिशेब मांडून दाखवावयास मी तयार आहे, वही आणली आहे.

आता चिटणीसबाईंनी मला आणखी एक निवेदन करावयास सांगितले आहे. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, आणि तरी आपल्यातल्या कितीजणी एकट्या हिंगणघाटलासुद्धा गेलेल्या नाहीत, ते मी मोजलेले आहे. नावे घेत नाही. पुढच्या महिन्यात मंडळाने आर्वीला जावयाचे ठरविले आहे. वर्धा बसस्थानकावर सकाळी आठला जमावयाचे. डबा आपापला. मी बरोबर आहे, पण कोणाचेही तिकीट काढणार नाही. ज्या बाईने स्वतःच्या हाताने वाहकाला पैसे देऊन तिकीट घेतले तिचेच नाव हजेरीत लिहिले जाईल. आणि वाटेत कोणी मागे राहिली, तर जागा सोडू नका.